कुंभार्लीचा चढ, कोयनेचा उतार

कुंभार्ली घाट सायकलने चढायचा तर चिपळूण उजाडायच्या आत सोडावं. हा गुहागर–विजापूर महामार्ग आहे. दिवस वर आला की मालाचे ट्रक सुरू होतात आणि घाटातल्या वळणांवर त्यांना वाट देताना निम्मा दम जातो.

डिसेंबरची पहाट होती. खेर्डी मागे पडलं. पाऊस जाऊन दोन महिने होत आले होते, भाताची खाचरं मोकळी झाली होती. या दिवसांत कोकणातल्या लहान नद्यांचे दगड उघडे पडायला लागतात. वाशिष्ठी मात्र भरून वाहत होती. तिच्या पात्रातलं बरंचसं पाणी तिच्या खोऱ्यात पडलेलंच नाही. ते घाटमाथ्यापलीकडचं, कोयनेचं. जो डोंगर मला चढायचा होता, त्याच्याच पोटातून ते खाली उतरलेलं.

कोयना उगम पावते महाबळेश्वरला. सह्याद्रीच्या धारेला बिलगून साठेक किलोमीटर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि पूर्वेला कराडकडे जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे तिची वाट बंगालच्या उपसागराची. पण अरबी समुद्राच्या बाजूचा कडा तिच्यापासून फार लांब नाही, आणि त्याच्या पायथ्याचं कोकण कितीतरी खाली आहे. हे उंचीचं अंतर टाटांनी पहिल्या महायुद्धानंतरच हेरलं होतं. पैशाअभावी तो बेत राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारने तो पुरा केला. नदी अडवायची, पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवायचं आणि कड्याच्या आतून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचं. पोफळीचं वीजघर डोंगर पोखरून त्याच्या आत बांधलं आहे. १९६२ साली तिथे वीज तयार होऊ लागली. पुढे टप्पे वाढले. वापरलेलं पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवून अलोऱ्याला त्यातून आणखी वीज काढतात. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट.

पोफळीनंतर खरा चढ लागतो. गिअर सगळ्यांत हलका केला आणि नजर पुढच्या दहा हातांवर ठेवली. खालच्या अंगाला ऐन, किंजळ, पानं गाळायला लागलेला साग. वर जावं तसं रान दाट आणि काळपट हिरवं होत जातं. अंजनी, जांभूळ, हिरडा दिसू लागतात. एका वळणावर शेकरू झाडावरून झाडावर गेलं. चढणाऱ्या सायकलचा वेग इतका कमी असतो की झाडं एकेक करून भेटतात. मोटारीतून हाच घाट मी अनेकदा उतरले आहे, पण रान बदलताना कधी दिसलं नव्हतं.

रस्ता व्हायच्या आधीही ही वाट चालती होती. दाभोळच्या खाडीतून गलबतं गोवळकोटपर्यंत यायची. तिथून मीठ आणि इतर माल बैलांच्या पाठीवर वर जायचा, धान्य खाली यायचं. या वाटेवर नजर ठेवणारा, नवजाच्या जंगलातला जंगली जयगड किल्ला याच डोंगरधारेवर आहे. इंग्रजांनी गाड्यांचा रस्ता केला आणि बैलांचे तांडे संपले.

पाणी जेवढी उंची आत कोसळतं, जवळजवळ तेवढीच मी बाहेरून चढत होते. आकडा वाचून पावणेपाचशे मीटर म्हणजे काय ते कळत नाही. मांड्या भरून आल्यावर, अजून निम्मा घाट बाकी असताना, ते नीट कळतं.

माथ्यावरच्या टपरीत चहा घेतला. टपरीवाल्या मावशींनी बाटली भरून दिली आणि म्हणाल्या, "एकटीच व्हय? उतारावर जपून जा, बाई. दव हाय अजून रस्त्याला."

कोयनानगरला धरण समोर येतं. १०३ मीटर उंच, आणि मागे पसरलेला शिवसागर. इथे बघत राहावं असं खूप आहे, पण मला ११ डिसेंबर १९६७ टाळता येत नाही. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला भूकंप झाला. माणसं झोपेत होती. पावणेदोनशेच्या आसपास लोक गेले, कोयनानगरची घरं कोसळली. भिंतीला तडे गेले, पण धरण टिकलं. जलाशय भरल्यामुळे जमीन हलू शकते, याचं जगातलं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे कोयना. अजूनही इथे लहान धक्के बसत असतात. ते समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं; त्याची प्रयोगशाळा कराडला आहे. हेळवाकला जेवताना शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "आम्ही पोरं होतो. थंडीत उघड्यावर निजलो, पण किती दिवस कुणी घरात पाय ठेवंना."

शिवसागराखाली गावं आहेत. तिथली माणसं उठली ती रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरपर्यंत विखुरली. नातवंडं मोठी झाली तरी कित्येकांच्या जमिनीचा हिशेब लागलेला नाही. पुढे उरलेल्या रानाचं अभयारण्य झालं आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रान राखायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकदा पाण्यासाठी आणि पुन्हा रानासाठी याच खोऱ्याने उठायचं, हे मला न्याय्य वाटत नाही. मुंबई-पुण्यात आपण दिवा लावतो, त्यात या लोकांची शेतं आहेत. रस्त्याच्या कडेला पर्यटनाच्या पाट्या पुष्कळ दिसल्या. बुडालेल्या गावांची नावं लिहिलेली एकही पाटी मला दिसली नाही. ती नावं इथे, घाटातून येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतील अशी, दगडात कोरलेली हवीत.

हेळवाकपासून रस्ता नदीबरोबर वळतो आणि उताराला लागतो. पायांना विश्रांती, पण वारा समोरून. पाटणजवळ केरा येऊन मिळते, डोंगरावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या दिसतात. मल्हारपेठेच्या पुढे ऊस सुरू होतो, ऊसगाड्यांच्या मागे धूळ खात शेवटचे वीस किलोमीटर काढावे लागतात. तो भाग सांगण्यासारखा नाही.

कराडला प्रीतिसंगमावर पोहोचले तेव्हा ऊन कलतं होतं. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, मग एक होऊन पूर्वेला जातात. पण कोयनेचं सगळं पाणी इथवर येत नाही; कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने तिचं ६७.५ टीएमसी पाणी दर वर्षी पश्चिमेला वळवायला परवानगी दिली. घाटावर एक मुलगा पोहायला उतरत होता. त्याला मी विचारलं, "कोयना कुठली?" त्याने उजवीकडे, मी आले त्या बाजूला हात केला आणि म्हणाला, "ही. हिचं पाणी जास्त गार असतं."