मुंगळ्याची पाठ

मुंगी ओळखायला बसलं की नवखा माणूस आधी रंग बघतो, मग आकार. दोन्ही गोष्टी हमखास दगा देतात. एकाच बिळातले मुंगळे घ्या: एक किरकोळ अंगाचा, दुसरा थोराड डोक्याचा, सख्खे म्हणून सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. कोशातून नुकती निघालेली मुंगी फिकट असते, पुढे गडद होत जाते. त्यामुळे ‘काळी, मोठी, चावत नाही’ एवढ्या वर्णनावर नाव विचारणारा फोन आला की मी नावाच्या भानगडीत पडत नाही.

मला सगळ्यात मजा येते ती दोन मुंगळ्यांची जोडी सोडवताना: कॅम्पोनोटस सेरिशियस आणि कॅम्पोनोटस पॅरियस. दोघांच्याही पोटावर दाट रेशमी लव. एकाची सोनेरी, दुसऱ्याची राखाडीकडे झुकणारी, असं म्हणतात खरं. पण सूक्ष्मदर्शकाचा दिवा जरा कलता केला की राखाडी लवही सोनेरी दिसायला लागते. म्हणून लव सोडायची आणि मुंगळा कुशीवर वळवून पाठीची रेघ बघायची. पॅरियसची पाठ मानेपासून कमरेपर्यंत एकच सलग कमान. सेरिशियसची कमान मध्येच मोडते. तिथे खाच असते, खाचेमागचा भाग वरून सपाट आणि मागच्या बाजूने कड्यासारखा सरळ खाली उतरलेला. एकदा ही रेघ डोळ्यांत बसली की पुन्हा घोटाळा होत नाही.

यासाठी मुंगी नीट चिकटवलेली हवी. जाड कागदाचा बारीक त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकावर डिंकाचा ठिपका आणि तो पायांच्या मुळाशी, खालच्या बाजूने. चेहरा, कूस, पाठ तिन्ही मोकळं राहिलं पाहिजे. डिंक पाठीवर चढला की तो नमुना गेलाच.

लाल मुंग्यांचा गुंता मात्र पाठीवर सुटत नाही, तिथे शृंगिकेचे खंड मोजावे लागतात. अंगणातल्या त्या जहाल डंखाच्या सोलेनॉप्सिस जेमिनाटाला दहा खंड, शेवटचे दोन फुगीर. फेडोलच्या आपल्याकडच्या जातींना बारा, शेवटचे तीन फुगीर, शिवाय छातीच्या मागच्या टोकाला दोन काटे. मोनोमोरियमलाही बहुधा बारा आणि तीनच, पण काटे नाहीत. मोजताना डोक्यालगतचा लांब दांडा हाही एक खंड धरायचा. काम कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं.

मुंग्या ओळखण्याचं हे काम इथे नवं नाही. आर. सी. रॉटन हा मुंबई इलाख्यातला वनाधिकारी इथल्या मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला मुंगीतज्ज्ञ ऑग्युस्त फोरेलकडे पाठवत असे. 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात त्याने आपल्याकडच्या मुंग्यांवर लिहिलं. इथल्या मुंग्यांवरचा बिंगहॅमचा ग्रंथ 1903 चा. तो आजही माझ्या टेबलावर असतो, मात्र त्यातली नावं तपासूनच घ्यावी लागतात. त्यातली मोनोमोरियम डिस्ट्रक्टर 2015 पासून ट्रायकोमिर्मेक्समध्ये गेली.

तर मंडळी, मुंगीचा फोटो पाठवायचा असेल तर वरून काढू नका, बाजूने काढा. नमुना पाठवणार असाल तर एकाच बिळातल्या लहान-मोठ्या चार-पाच मुंग्या अल्कोहोलमध्ये टाका आणि जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.