दुसरी फळी कशी उभी राहते

हैदराबादच्या अफझलगंजात उभं राहिलं की मुसी नदी अगदी हाताशी असते. तिच्या काठाला उस्मानिया दवाखाना, जवळच एकेकाळची आसफिया लायब्ररी म्हणजे आजचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, आसपास सायकलींची दुकानं आणि त्यापुढे बेगम बाजारची घाऊक पेठ. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला जो पूर आला, त्याने शहराचा हा भाग धुऊन नेला. हजारो माणसं गेली. तेव्हाचा अफझलगंजचा दवाखाना पडला. त्याच आवारातल्या एका चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात आणि ती चिंच आजही दाखवतात.

अशा वेळी माणसं न सांगता पुढे येतात. कुणी दोर टाकतं, कुणी घर उघडतं, कुणी चूल पेटवतं. तो माणसाचा मोठेपणा आहेच, पण संस्था त्या मोठेपणावर चालत नाही. पूर ओसरला की माणसं आपापल्या घरी जातात आणि मग उरतं ते रोजचं काम. वर्गणी गोळा करणं, हिशेब लिहिणं, सभेचं इतिवृत्त ठेवणं, पुढच्या वर्षी हे सगळं कोण बघणार ते ठरवणं. आणीबाणीतल्या पुढाऱ्याला प्रसंग घडवतो. रोजच्या कामातला पुढारी मात्र आधीच्या पिढीला घडवावा लागतो.

हैदराबादच्या मराठी संस्थांमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. सतरंज्या उचलण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंतची सगळी कामं केली. या वर्षांमध्ये एक प्रश्न प्रत्येक वार्षिक सभेत ऐकला : ‘नवी मंडळी का येत नाहीत हो?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण प्रश्नाचं उत्तर आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो, असं मला वाटत आलं आहे. ते उत्तर याच शहराच्या इतिहासात, अफझलगंजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सापडतं.

अफझलगंजहून गौलीगुड्याच्या वाटेने निघालं की थोड्या वेळात जांबागला विवेकवर्धिनी लागते. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ च्या सुमारास ही शाळा उभी केली. केशवराव सध्याच्या हिंगोली जिल्ह्याच्या मुलखातून आलेले वकील. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तरी त्यांचं खरं काम कोर्टाबाहेर चालू राहिलं. संस्था काढावी, ती चार माणसांच्या हाती द्यावी आणि आपण पुढच्या संस्थेच्या मागे लागावं, अशी ती पिढी होती. केशवराव १९३२ मध्ये गेले. विवेकवर्धिनी आजही चालू आहे. संस्थापकाच्या मागे संस्था टिकली, यापेक्षा मोठी पावती त्याला कोणती मिळणार?

पण याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये एक गोष्ट घडली, ती आपण मराठी माणसांनी आवर्जून आठवली पाहिजे. निजाम राज्यातली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठीतून भाषणं झाली. मग आलमपल्ली व्यंकटरामराव हे वकील एका ठरावावर तेलुगूतून बोलायला उभे राहिले, आणि मराठी श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिलं नाही. सुधारणेच्या परिषदेत, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या अध्यक्षतेखाली हे घडलं. त्याच रात्री तेलुगू भाषकांपैकी मोजकी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी आंध्र जन संघम् स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव त्याचे आधारस्तंभ झाले. गावोगाव वाचनालयं निघाली आणि १९३० मध्ये जोगीपेठला सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं. तेलंगणातल्या पुढच्या बऱ्याच लोकजागृतीची मुळं त्या एका अपमानात आहेत.

या घटनेकडे आपण बहुधा भाषावादाची गोष्ट म्हणून पाहतो. मला ती नेतृत्वाची गोष्ट वाटते. त्या नाट्यगृहात संघटना चालवण्याची ताकद असलेली माणसं बसली होती. त्यांना व्यासपीठ हवं होतं आणि आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं होतं. त्या सभेने त्यांना खाली बसवलं, म्हणून ती उठून गेली आणि त्यांनी स्वतःचं घर बांधलं. तेलुगू समाजाचं त्यात भलंच झालं, पण त्या परिषदेने काय गमावलं याचा हिशेब कुणी मांडला नाही. ज्यांना आपण बोलू देत नाही ते गप्प बसत नाहीत, ते दुसरीकडे जाऊन बोलतात. आज आपल्या मंडळांमधून तरुण निघून जातात तेव्हा ‘त्यांना वेळ नाही’ असं आपण म्हणतो. पण तीच मुलं ट्रेकिंगचे गट चालवतात, रक्तदानाची शिबिरं घेतात, गच्चीबावली-कोंडापूरकडच्या सोसायट्यांमध्ये गणपती बसवतात. त्यांना वेळ आहे. आपल्या सभेत त्यांना बोलायला जागा नाही.

ही जागा कशी द्यायची, हे याच शहरात राहून ज्यांनी दाखवून दिलं ते स्वामी रामानंद तीर्थ. १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले, पुढे संन्यास घेतलेले आणि पेशाने शिक्षक. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत त्यांनी शिकवलं. १९३८ मध्ये शाळा सोडून ते हैदराबादच्या राजकारणात उतरले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारची बंदी आली आणि ती झुगारून २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. पाठोपाठ स्वामीजींची तुकडी गेली. पहिली फळी तुरुंगात जाणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे दुसरी, तिसरी फळी तयार ठेवावीच लागली. त्या चळवळीचा हा धडा मला फार मोलाचा वाटतो. आपण उद्या नसणार हे गृहीत धरून जो काम करतो, तो आपोआप माणसं तयार करतो. आपण कायमचे आहोत असं ज्याला वाटतं, त्याच्या हातून ते होत नाही.

स्वामीजींभोवती जमलेली मुलं पाहा. कलकत्त्याहून एम.एस्‌सी. होऊन आलेले, डाव्या विचारांचे गोविंदभाई श्रॉफ. पुढे दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक म्हणून नावारूपाला आलेले अनंत भालेराव. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने १९३८ मध्ये काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी नागपूरला जाऊन शिकलेले पी. व्ही. नरसिंह राव, ज्यांनी ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली आणि जे १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. या माणसांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती, सगळी स्वामीजींशीही जुळत नव्हती. स्टेट काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे गट होते, आणि तरुणांचा जहालपणा अडचणीचा वाटला तरी स्वामीजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे गोविंदभाईंची वाट काँग्रेसपासून वेगळी झाली. शिष्य वेगळा विचार करू लागला म्हणून तो वाया गेला, असं स्वामीजींनी मानलं नाही. आपल्यासारखाच दुसरा तयार करणं म्हणजे नेतृत्व घडवणं, असा आपला एक गोड समज आहे. आपल्यापेक्षा वेगळा माणूस आपल्या जागी नांदू शकेल अशी संस्था करणं, हे खरं काम आहे.

आणि सप्टेंबर १९४८ नंतर, हैदराबाद मुक्त झाल्यावर, सत्तेच्या खुर्च्या समोर मांडलेल्या असताना स्वामीजींनी मंत्रिपद घेतलं नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर गेले, पण त्यांचं मन रमलं ते खादीत आणि शिक्षणात. १९५० मध्ये त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. याच कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर हे विद्यार्थिदशेत हैदराबादला मामांकडे राहून सिटी कॉलेजात शिकत होते. ते कॉलेज अफझलगंजच्या पुलापलीकडे, मुसीच्या दुसऱ्या काठावर आहे. इंटरच्या परीक्षेत वारंवार अडलेला हा मुलगा पुढे मराठवाड्याचा विचारवंत झाला. त्याची गुणपत्रिका पाहून कुणी त्याला बाजूला सारलं असतं, तर नांदेडला तो प्राचार्य मिळाला नसता. मामा डॉ. नारायणराव नांदापूरकरांनी भाच्याची बुद्धी ओळखली आणि नांदेडच्या संस्थेने तिला जागा दिली. माणूस ओळखणं आणि त्याला जागा देणं, या दोन्ही गोष्टी लागतात. एक असून दुसरी नसेल तर काही उगवत नाही.

आता आपल्या मंडळांकडे पाहू. नव्या मुलाला आपण काय देतो? ध्वनिक्षेपक लावायला सांगतो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला पाठवतो, समाजमाध्यमांवर छायाचित्रं टाकायला सांगतो. ही कामं हलकी नाहीत, आमच्या पिढीनेही तीच केली. पण त्याच कामावर त्याला दहा वर्षं ठेवलं, तर तो उत्तम मदतनीस होतो, पुढारी होत नाही. निर्णय आपण घेतो, बजेट आपण ठरवतो, वक्ता आपण निवडतो आणि बँकेत सह्या आपल्याच असतात. पुष्कळ ठिकाणी त्या सह्या दहा-पंधरा वर्षांपासून त्याच आहेत. एखादी संस्था पुढच्या पिढीवर किती विश्वास टाकते, हे भाषणांवरून कळत नाही. तिच्या पासबुकावर कुणाची सही चालते, त्यावरून कळतं.

ज्येष्ठांची भीती मी जाणतो आणि तिचा आदर करतो. पैसा लोकांचा आहे, एका रुपयाची गफलत झाली तरी वर्षानुवर्षांचं नाव जातं. मुलांचं मराठी कच्चं आहे, त्यांच्या नोकऱ्या आज इथे तर उद्या बंगळूरला. हे सगळं खरं आहे. पण या भीतीवरचे उपायही जुनेच आहेत. दोन सह्यांचा नियम करा, त्यातली एक जुन्याची आणि एक नव्याची ठेवा. एक वर्ष उपचिटणीस म्हणून जवळ बसवा आणि पुढच्या वर्षी चिटणीस करा. रोटरीसारख्या जगभर पसरलेल्या संघटनेत क्लबचा अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो आणि पुढचा अध्यक्ष आधीच निवडलेला असतो, त्यामुळे एक माणूस नसला म्हणून काम थांबत नाही. आपल्या घटनेतही पदाची मुदत लिहिलेली असते. ती पाळायची की ‘एकमताने फेरनिवड’ करत राहायचं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि मूल चुकलंच तर? आपण चुकत चुकतच शिकलो. तेव्हा कुणीतरी मागच्या रांगेत बसून आपल्याला सावरलं होतं. तेवढं ऋण आता पुढे फेडायचं.

मागच्या रांगेत बसणं ही ज्येष्ठांची कला आहे, आणि ती अध्यक्षपदापेक्षा अवघड आहे. विचारलं तर सांगायचं, न विचारता सांगायचा मोह आवरायचा. सभेत तरुण चिटणीस अडखळला तर त्याच्या हातातून माईक घ्यायचा नाही. त्याने ठरवलेला कार्यक्रम आपल्याला रुचला नाही तरी पहिल्या दहा मिनिटांत जाऊन बसायचं. घरी मुलाला गाडी चालवायला दिल्यावर शेजारी बसून ब्रेक दाबण्याची घाई जशी घातक, तशीच इथेही. ज्यांनी संस्था वाढवली त्यांच्यासाठी हे त्यागाचं काम आहे, आणि त्याग म्हणूनच ते लक्षात ठेवलं जावं.

इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद आणि तिचं ‘पंचधारा’ त्रैमासिक, विवेकवर्धिनी, या सगळ्या संस्था महाराष्ट्राच्या सीमेबाहेर इतकी दशकं टिकल्या. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन भरलं. हे वैभव ज्यांनी मिळवलं त्यांनी ते आपल्यापाशी अडकवून ठेवलं असतं, तर आपल्यापर्यंत काही पोचलंच नसतं. म्हणून माझी प्रत्येक मंडळाला, प्रत्येक ज्येष्ठ कार्यकर्त्याला हात जोडून विनंती आहे. येत्या वार्षिक सभेआधी आपल्या कार्यकारिणीवर तिशीच्या आतली किमान दोन मुलं-मुली निवडा. एकीला खजिनदार करा, एकाला चिटणीस. बँकेत जाऊन त्यांच्या सह्या द्या. वर्षाचा एक कार्यक्रम त्यांना बजेटसह पूर्ण सोपवा आणि तुम्ही मागे बसा. दुसऱ्या फळीला पुढे जायला वाट लागते, आणि ती वाट पहिल्या फळीलाच मोकळी करावी लागते.