लिहून झाल्यावरचा आराखडा

निबंध लिहिण्याआधी मुद्दे काढावेत, हे शाळेपासून सगळेच शिकवतात. लिहून झालेल्या निबंधातून मुद्दे काढून पाहावेत, असे मात्र क्वचितच कुणी सांगते. वास्तविक आधीचा आराखडा हा संकल्प असतो आणि नंतरचा हा पंचनामा. काय लिहायचे होते ते पहिला सांगतो. प्रत्यक्षात काय लिहिले गेले ते दुसरा.

मराठी गद्याच्या आरंभीच याचा दाखला सापडतो. म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात विखुरलेली चक्रधरांची वचने केसोबासांनी निवडून काढली आणि सूत्रपाठ आकाराला आला. त्यांच्याच दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे: सूत्र म्हणजे सिद्धान्तवचन, दृष्टांत म्हणजे उदाहरण आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या उदाहरणाचा सिद्धान्ताशी लावलेला अन्वय.

बोदवडला निबंधलेखन शिकवताना आम्ही हीच मोजपट्टी वापरतो. प्रत्येक परिच्छेदाचे समासात एक वाक्य करायचे आणि त्यापुढे 'सू', 'दृ' किंवा 'दा' लिहायचे. ज्या परिच्छेदाचे एक वाक्य होत नाही, त्यात बहुधा दोन विचार तरी असतात, नाहीतर एकही नसतो.

एका विद्यार्थ्याने कापसावर सहा परिच्छेद लिहिले होते. आराखड्यात पहिला आणि पाचवा एकच निघाले: कापूस हे खानदेशाचे पांढरे सोने. तिसऱ्या परिच्छेदात वडिलांची खरेदी केंद्राबाहेरची रात्र होती. दवाने माल ओलावला तर भाव कापला जाईल, म्हणून त्यांनी स्वतःची गोधडी कापसावर घातली आणि आपण कुडकुडत बसून राहिले. समासात या परिच्छेदापुढे नुसता 'दृ' पडला. मागे सूत्र नाही, पुढे दार्ष्टान्तिक नाही. विषयांतर झाले असे समजून तो हा परिच्छेद खोडू लागला. आम्ही त्याला थांबवले. निबंधात त्याचे स्वतःचे असे तेवढेच होते. ती रात्र काय सांगते, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने त्याने लिहिले: मालाची राखण शेतकऱ्याने करायची, त्याची प्रत मात्र दुसऱ्याने ठरवायची. सूत्र मिळाले. पुढे कोणते परिच्छेद ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे त्याचे त्यालाच उमगले.

आराखडा सांध्यांतील फट दाखवतो. ती काटछाटीने मिटवायची की भर घालून, हे तो सांगत नाही. लीळांतून सुटी झालेली सूत्रे कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली, हे सांगण्यासाठी महानुभावांना पुढे 'प्रकरणवश' रचावा लागला. प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ पुरता लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आराखडा काढून झाला की तो बाजूला ठेवावा आणि निबंध पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा.