एका पेनीचं जेवण

मुंबईच्या कूपरेज मैदानावर एका जुन्या फुटबॉलवेड्याच्या बोलण्यात सहज आलं, की कोलकात्याचा महंमद सलीम १९३६ साली ग्लासगोत सेल्टिक क्लबकडून अनवाणी खेळला होता. एवढं ऐकूनच प्रवाशाने ग्लासगो गाठलं. हॉटेलची खोली कोंदट, भाडं भरमसाट. वाटाड्याला सेल्टिकने जिंकलेल्या १९६७च्या युरोपियन कपच्या कथा सांगायची घाई. प्रवाशाचे पाय मात्र क्लब जिथे जन्मला त्या कॅल्टन भागाकडे वळले.

तिथलं सेंट मेरीज चर्च आजही उभं आहे. ६ नोव्हेंबर १८८७ला या चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली, ती ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने. मूळ नाव अँड्र्यू केरिन्स, जन्म १८४०चा, आयर्लंडमधल्या बॅलीमोटचा. पाचव्या वर्षापासून पुढे त्यांनी बटाट्याचा दुष्काळ पाहिला. पंधराव्या वर्षी ते ग्लासगोत आले. पुढे मरिस्ट या कॅथलिक संघाचे ब्रदर झाले, मग सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक.

उपाशी पोरं शिकणार कशी? १८८४मध्ये त्यांनी एका पेनीत जेवण सुरू केलं. घरून पाव आणणाऱ्याला अर्ध्या पेनीत. खर्च भागेना. १८८७ साली एडिंबराच्या आयरिश हिबर्नियन संघाने स्कॉटिश कप जिंकला आणि त्यांचा सत्कार कॅल्टनमध्येच झाला. फुटबॉलच्या तिकिटांतून ताटं भरतील, हे वॉलफ्रिडना दिसलं. २८ मे १८८८ला सेल्टिकने पहिल्याच सामन्यात रेंजर्सला ५-२ हरवलं.

स्थानिक इतिहासाच्या एका अभ्यासकाने चहा पिताना हरकत घेतली: प्रॉटेस्टंटांच्या अन्नछत्रांत कॅथलिक मुलं जाऊ नयेत, हा या जेवणांमागचा खरा हेतू. प्रवाशाने वाद घातला. ती भीती होतीच, पण म्हणून भूक खोटी ठरत नाही. जानेवारी १८८८च्या जाहीर पत्रकात क्लबचा मुख्य उद्देश गरजू मुलांची जेवणं हाच छापलेला आहे.

प्रवाशाला सलतं ते पुढचं. १८९२मध्ये वॉलफ्रिडची लंडनला बदली झाली आणि १८९७मध्ये क्लबची लिमिटेड कंपनी झाली. ज्या ताटांसाठी सामने भरवले, ती मागे पडली आणि भागधारक पुढे आले. क्लबने धर्मादाय निधी पुन्हा उभारला तो थेट १९९५ साली.

दुसऱ्या दिवशी एडिंबराचा किल्ला पाहायचा ठरलं होतं. तो बेत रद्द करून प्रवाशाने डम्फ्रीजचं तिकीट काढलं. १९१५ साली वॉलफ्रिड वारले ते तिथे.