धार

परवा धाकट्या नातवाला अंघोळ घालताना त्याने माझ्या धोतरावर चांगली लांब धार सोडली. घरातले सगळे हसले. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. का, ते सांगतो.

१९७९ सालची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती (वेगळा जिल्हा १९९९ साली झाला). मी कळमनुरीजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. थोरला दहा महिन्यांचा. हिचं दूध लवकर आटलं, विकतचं परवडेना. मग भाताची पेज, कण्या आणि वाटीभर पाणी घातलेलं दूध. पोरगं अंगाने बरं दिसायचं, पण शू करताना किंचाळायचं, हाताने ओढत राहायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "दृष्ट लागली." मी बी.ए. झालेला माणूस, तरी तीन दिवस मीठ-मोहऱ्या ओवाळू दिल्या. ही म्हणत होती, "अहो, धार बारीक झालीय." मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळपासून लंगोट कोरडा. ओटीपोट फुगून टणक झालेलं. एसटीने नांदेड गाठलं. मूत्राशयातला खडा खाली येऊन वाटेतच अडकला होता. डॉक्टरांनी आधी लघवी मोकळी केली, मग शस्त्रक्रिया करून हरभऱ्याएवढा खडा काढला. म्हणाले, "मास्तर, धान्य जास्त, दूध कमी, पाणी कमी, अशा लेकरांना हा खडा होतो. लघवी तुंबून राहिली असती तर मूत्रपिंडं गेली असती."

मुतखडा लेकरांना जास्त होतो आणि त्याला आहार कारण असतो, हे सुश्रुतसंहितेतही आहे, हे मला फार नंतर कळलं.

२००८ साली चीनची बातमी वाचली. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळलं होतं. त्या दुधाच्या पावडरीने सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, कित्येकांना मुतखडे झाले, सहा दगावली. त्या रात्री मला झोप आली नाही. तिथे लोभ होता, माझ्या घरी गरिबी होती. पण ते तीन दिवस गरिबीचे नव्हते, माझ्या हट्टाचे होते.

आता सुनेला एकच सांगतो, दिवसातून एकदा तरी डायपर काढून धार बघत जा. काही मुलग्यांना जन्मतःच मूत्रमार्गात पडदा असतो, त्यांचीही लघवी थेंब थेंब येते. बाळ रडतं, पण कुठे दुखतं ते सांगत नाही.

असो. धोतर वाळत घातलंय. थोरला आता सत्तेचाळिशीचा आहे, हे वाचून फोनवर रागावेल बहुतेक!