खोलीत ऊन येत नाही

आमच्या खोलीत ऊन येत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. सात मजल्यांची पुनर्वसनातली इमारत, आमचा दुसरा मजला, सव्वादोनशे चौरस फुटांची खोली. खिडकी एकच, उत्तरेला. समोर दहा फुटांवर दुसऱ्या इमारतीची पाठ आणि तिचे सांडपाण्याचे पाइप. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी मुंबईच्या डोक्यावरून जरासा उत्तरेकडे सरकतो, तेवढ्या दिवसांत त्या फटीतून एक पट्टी आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर पडते. तीही जून लागला की ढग खातात. बाकी वर्षभर दिवसाढवळ्या ट्यूब.

बाप गेला आणि माय गावाकडून माझ्याकडं राहायला आली. येताना तिनं पाच किलोच्या तेलाच्या डब्यात एक रोप आणलं. विहाराच्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ. एस.टी.त सात तास मांडीवर धरून आणलेला. डब्याला खाली खिळ्यानं भोकं पाडलेली, ती तिची अक्कल. "बुद्धाचं झाड हाय लेकरा. घरात आसू दे," म्हणाली. मी काय बोलणार? ठेवला खिडकीत.

दोन महिन्यांत त्याची दशा झाली. आधी वाटलं वाढतोय. उंच होत होता ना! पण खोड सुतळीसारखं बारीक, दोन पानांमधलं अंतर वाढत चाललेलं, पानं फिकी, सगळा देह खिडकीकडं वाकलेला. ती वाढ नव्हती मित्रांनो, ते उजेडाच्या मागं धावणं होतं. भुकेला माणूस जसा होतं नव्हतं ते विकून गावाबाहेर पडतो, तसं झाड अंगातली शिल्लक खर्चून लांब होतं. मग पानं गळाली. माय रोज पाणी घालायची, जास्तच घालायची. तिला वाटायचं तहानलाय.

गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर. तिथं पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, पण ऊन कुणाच्या बापाचं नव्हतं. दारात बसलं की अंगावर. इथं नळ घरात आहे आणि ऊन नाही. पाण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. उन्हासाठी कुठल्या तळ्यावर जायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या मावशीची तुळस वाळली. मावशी रडायला आली. घरावर काही संकट येणार, कुणाची तरी नजर लागली, असं काहीबाही बोलायला लागली. मी म्हणलं, मावशी, तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, तुमच्या मोरीजवळ ती जगणार कशी? उपाशी मेली ती, बाकी काही नाही. तिला पटलं की नाही कोण जाणे. पण मलाच माझं बोलणं ऐकू आलं. मावशीची तुळस आणि मायचा पिंपळ एकाच रोगानं चालले होते, आणि पिंपळापुढं मी मात्र श्रद्धेनं हात जोडून उभा होतो.

मग गेलो रोपवाटिकेत. तो भय्या म्हणाला, "ये लो साब, इसको धूप नहीं चाहिए." अशी चार झाडं दाखवली. हे वाक्य खोटं आहे. ऊन न लागणारं हिरवं झाड पृथ्वीवर नाही. जी झाडं घरात म्हणून विकतात ती मुळात दाट जंगलात मोठ्या झाडांच्या खाली वाढणारी. वरच्यांनी खाऊन उरलेला उजेड त्यांच्या वाट्याला आला आणि त्यावर जगायची सवय त्यांच्या अंगात मुरली. त्यांना अंधार आवडतो असं नाही. त्यांना भूक जास्त दिवस सोसते, एवढंच. (हे वाक्य आपल्याबद्दलही पुष्कळांनी म्हणून झालंय. "त्यांना सवय असते हो!")

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. डोळा फसवतो, कमी उजेडालाही तो सरावतो. दुपारच्या उघड्या उन्हात उजेड लाखभर लक्स असतो. मी मोबाईलवर मोजला तर आमच्या खिडकीत सहाशे आणि कपाटाच्या कोपऱ्यात चाळीस. मोबाईलचा आकडा काही पक्का नसतो, पण खिडकीपासून चार पावलांत काय होतं ते कळतं. मोबाईल नको असेल तर दुपारी बारा वाजता, दिवा बंद करून, कागदावर हाताची सावली पाडून बघा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर पुष्कळ झाडं जगतील. पुसट दिसली तर मोजकी. सावलीच पडली नाही तर तिथं कुंडी ठेवू नका, पुस्तकं ठेवा.

आमची पुसट. म्हणून तीन आणली. एक ते तलवारीसारख्या उभ्या पानांचं, स्नेक प्लांट म्हणतात ते, आफ्रिकेतलं. दुसरं झीझी, तेही पूर्व आफ्रिकेचं, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात पाणी साठवतं, महिनाभर विसरलात तरी कुरकुर करत नाही. तिसरा मनी प्लांट. तो चोरून आणला तर पैसा येतो म्हणतात. मी मित्राच्या घरून सांगून आणला, पैसा आला नाही. ज्यांनी चोरून आणला त्यांच्याकडंही आलेला दिसत नाही. घरात रांगतं पोर असेल तर झीझी आणि मनी प्लांट उंचावर ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते.

आणि पाणी कमी! उजेड कमी तिथं झाड पाणी कमी पितं. मातीत दोन पेरं बोट घाला, ओल लागली तर हात मागं घ्या. अशा खोलीत तहानेनं मरतात त्यापेक्षा जास्त झाडं मुळं कुजून मरतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो.

शाखेच्या बैठकीला एक कार्यकर्ता घरी आला होता. कुंड्या बघून म्हणाला, "काय साथी, बंगलेवाल्यांचे शौक?" मी हसलो. दुसरा लगेच माझ्या बाजूनं, "अरे, हवा शुद्ध होते त्यानं. रात्री ऑक्सिजन देतं ते." आता मात्र मी दोघांशीही भांडलो. उजेडाशिवाय कुठलंच झाड प्राणवायू सोडत नाही, रात्री तर नाहीच. आणि हवा शुद्ध होण्याची गोष्ट नासाच्या १९८९च्या प्रयोगावरून निघाली, तो प्रयोग बंद पेटीतला. २०१९ साली संशोधकांनी असे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की खिडकीच्या हवेनं जेवढं काम होतं तेवढं करायला चौरस मीटरमागं किमान दहा झाडं लागतील. आम्ही झोपायचं कुठं मग?

हे मी चिडून सांगतो, कारण असल्या गोष्टी ऐकून कुणी म्हणेल की कुंड्या ठेवा, खिडकीचं नंतर बघू. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ साली बाहेर आला. इमारती इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षयाचे रोगी तिथंच जास्त. ते वाचल्यापासून माय खोकली की मी जागा होतो. दोन इमारतींतलं अंतर कागदावर कमी करणाऱ्याच्या घरात दुपारी पडदे ओढावे लागत असतील.

पिंपळाचं काय करायचं यावर आठ दिवस घरात बोलणं नव्हतं. गच्चीवर ठेवावा तर मुळं स्लॅब फोडतील, समोरच्या पाइपाच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळानं काय केलंय ते रोज दिसतं. शेवटी मीच म्हणलं, माय, हे झाड खोलीतलं नाही, आपण त्याला कोंडलंय. ती काही बोलली नाही. रविवारी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत नेला. आधी पंधरा दिवस भिंतीच्या सावलीत ठेवला, एकदम उन्हात काढलं असतं तर पानं भाजली असती. मग खड्डा खणून लावला. भोवती पोरांनी जुन्या पलंगाची जाळी उभी केली. आता माझ्या छातीला लागतो.

घरातल्या तिघांना आम्ही पाळ्या लावल्यात, गिरणीसारख्या. पाचव्या मजल्यावर जिन्याच्या जाळीतून सकाळी साडेनऊपर्यंत कोवळं ऊन येतं. एक कुंडी पंधरा दिवस तिथं, दोन घरात. मावशीनं तिची नवी तुळस कायमची तिथंच ठेवलीय, पाणी आमची माय घालते.

पिंपळ लावला त्या दिवशी माय तेलाचा डबा तिथं टाकायला तयार नव्हती. परत आणला, घासला, भोकं खिळ्यानं पुन्हा मोकळी केली. त्यात आता मनी प्लांट आहे. खिडकीजवळ.