पट्टा ओरडतो, दुखतं दुसऱ्याला

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत ऑक्टोबर सरत आला की पहाटे गाड्यांच्या काचांवर हिम धरू लागतं आणि थंड इंजिनांच्या तक्रारी गल्लीभर ऐकू येतात. आमच्या जुन्या गाडीची तक्रार चिमणीच्या आवाजातली होती: चिक्, चिक्, चिक्. रूट ९ वरून क्विन्सिगामंड तळ्याचा पूल ओलांडून वुस्टरला पोचेपर्यंत ती विरून जाई. एका गॅरेजने बेल्ट बदलून दिला. आठवडाभर शांतता, मग पुन्हा चिक्.

शेजारी लेकीकडे एक काका आले होते. उभी हयात एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत गेलेली. बॉनेट उघडून दिलं तर आत पाहायच्या आधी नुसते कान देऊन उभे राहिले. ‘फॅनबेल्ट,’ म्हणाले. त्यांच्या तोंडी सगळे पट्टे फॅनबेल्टच, पंखा फिरवोत न फिरवोत. आमच्या गाडीत एकच लांबलचक पट्टा नागमोडी वळणं घेत अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप फिरवतो.

‘नवा घातलास ना? तरी ओरडतोय. मग दोष त्याचा कसा? पट्टा ओरडतो रे, दुखतं दुसऱ्याला.’

स्वयंपाकघरातली फवाऱ्याची बाटली मागवली. चालू इंजिनाजवळ हात नेताना बाही वर सारून घ्यायला लावली, आणि पट्ट्याच्या धारांवर दोन फवारे मारले. आवाज बंद! चार-पाच सेकंदांत पट्टा वाळला आणि चिमणी परत आली. हीच ती खूण. पट्टा ढिला असता तर ओला झाल्यावर आणखी घसरला असता, कर्कश किंचाळला असता. पाण्याने गप्प बसतो तो वाकड्या चालीचा आवाज.

गावच्या पिठाच्या गिरणीतला सपाट पट्टा अशा बाबतीत फार सोशिक. पुलीची पाठ मध्ये किंचित फुगीर ठेवली की तो जरा इकडेतिकडे गेला तरी आपणहून मधोमध येतो. शेजारच्या वुस्टरमध्ये ग्रेटन अँड नाइट ही कंपनी कारखान्यांसाठी असले पट्टे चामड्याचे बनवायची. काकांना हे सांगितल्यावर त्यांचा या मुलखाबद्दलचा आदर एकदम वाढला. गाडीच्या पट्ट्याला मात्र ही मुभा नाही. त्याच्या पोटाशी लांबीभर धारा असतात, एकीपासून दुसरी अवघ्या ३.५६ मिलिमीटरवर, आणि प्रत्येकीने आपापल्याच खोबणीत उतरायचं. दोन पुल्यांमध्ये पट्ट्याची १०० मिलिमीटर मोकळी लांबी असेल आणि एक पुली पावणेदोन मिलिमीटर पुढे आलेली असेल, तर पट्टा एक अंश तिरका शिरतो. तेवढंही त्याला जाचतं. धार खोबणीच्या भिंतीला घासते, चिकटते, सुटते.

इंजिन बंद करून काकांनी बॅटरीच्या उजेडात पट्ट्याची एक कड दाखवली. महिनाही न झालेल्या पट्ट्यातून दोऱ्याची कुसळं बाहेर आलेली, खाली काळी भुकटी. पट्टा उतरवून एकेक पुली हाताने फिरवली, हलवून पाहिली. अल्टरनेटरचं बेअरिंग गुळगुळीत, पंपही ठीक. क्रँकच्या पुलीवर पोलादी पट्टी टेकवून पाहिली तर खोबणीच्या पुल्या सगळ्या लायनीत. राहता राहिला टेन्शनर, पट्ट्याच्या सपाट पाठीवर रेलून त्याला ताणून धरणारा. त्याचा दांडा धरून हलवला तर डुगडुगला. आतलं बुश झिजलेलं. ताण आला की पुली कलायची आणि पट्ट्याला पुढच्या खोबणीवर तिरका ढकलायची.

‘प्ले आलाय,’ काका म्हणाले, आणि इतका वेळ पडलेल्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

नवा टेन्शनर आणला. जवळजवळ नवा असलेला पट्टा तरी वाचावा म्हणून मी घासाघीस करून पाहिली, पण काकांनी तो दोन बोटांत धरून उसवलेली कड माझ्या नाकासमोर आणली. ‘हायवेवर तुटला तर? पंपही याच्यावरच आहे. पाणी उकळेल.’ पट्ट्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.